'द पेनी ड्रॉप्ड' नेमकं कधी म्हणायचं?

भाषांतर_चालू_आहे:
एका ब्रिटिश कौटुंबिक मालिकेची मराठी सबटायटलं करतोय. प्रसंग असा आहे: जेवणाच्या टेबलावर बायको वाइनला नको म्हणते. मग रिकाम्या खोलीला कोणता रंग द्यायचा ते विचारते. मग तिसऱ्यांदा लोणचं वाढून घेते. नवरा आपला नव्या गाडीबद्दलच बोलतोय. शेवटी तो बोलता बोलता थांबतो, बायकोकडे बघतो, आणि त्याची बहीण म्हणते, 'अँड द पेनी ड्रॉप्स!'

ढोबळ अर्थ माहीत आहे: याला आत्ता कळलं. पण शब्दकोशात 'टु रिअलाइज' एवढंच दिलेलं असतं. मग 'इट डॉन्ड ऑन हिम', 'इट क्लिक्ड' यांच्यापेक्षा हे वेगळं काय सांगतं? शिवाय 'आय ड्रॉप्ड द पेनी' असं म्हणता येतं का? आणि मराठीत काय घालावं? 'त्याच्या डोक्यात प्रकाश पडला' लिहून ठेवलंय, पण ते बहिणीच्या तोंडी शोभत नाही असं वाटतंय.

कोशकीटक:
शब्दकोश निम्मंच सांगतात. नुसतं 'कळणं' म्हणजे पेनी ड्रॉप होणं नव्हे. गोष्ट समोर असते, सांगून किंवा सुचवून झालेली असते, तरी ती माणसाच्या टाळक्यात शिरत नाही. आणि मग मध्ये काही वेळ गेल्यावर एकदम शिरते. हा मधला उशीर काढून टाकला तर वाक्प्रचारात काही उरत नाही. तुमच्या प्रसंगात वाइन, रंग, लोणचं असे तीन इशारे आधी देऊन झालेत, म्हणून तो तिथे चपखल बसतो. बायकोने आल्या आल्या 'मी गरोदर आहे' असं सांगितलं असतं, तर नवऱ्याला धक्का बसला असता, आनंद झाला असता, पण पेनी ड्रॉप झाली नसती.

उशीर कुठून आला ते उगमात दिसतं. १८८०च्या दशकात लंडनच्या रेल्वे स्थानकांवर नाणं टाकलं की पोस्टकार्ड देणारी यंत्रं आली, पुढे वजनकाटे, चॉकलेटं असं बरंच काही पेनीवर मिळू लागलं. यांत वीजबीज काही नसायची. फटीतून टाकलेली पेनी आतल्या उतरणीवरून घरंगळते, चुकीच्या मापाचं नाणं वाटेतच बाजूला पडतं, योग्य नाणं तरफेच्या टोकावर जाऊन आदळतं, त्याच्या वजनाने खिट्टी सुटते आणि मग खण ओढता येतो. तेव्हाची ब्राँझची पेनी चांगली वजनदार होती, सुमारे ९.४ ग्रॅम आणि जवळजवळ ३१ मिलिमीटर व्यासाची. पण नाणं वाकलेलं असलं किंवा वाटेत मळ साचला असला की ते मध्येच अडकायचं. म्हणजे पैसे दिलेत, यंत्राने घेतलेत, आणि पुढे काहीच होत नाही. मग वाट बघा, नाहीतर एक गुद्दा घाला. आतून खट्ट आवाज आला की समजायचं, पडली एकदाची.

'द पेनी ड्रॉप्ड' म्हणताना माणूस ते यंत्र असतो आणि आपण बाहेर ताटकळत उभे असतो. त्यामुळे त्यात थोडी थट्टा आपोआप येते.

वाक्प्रचार म्हणून छापील वापर विसाव्या शतकातला आहे. तेव्हा १८५० सालच्या पात्राच्या तोंडी हे वाक्य घालू नये. ऐतिहासिक मालिकांचे लेखकसुद्धा इथे घसरतात. १५ फेब्रुवारी १९७१ला ब्रिटनने दशमान चलन घेतलं, २४० पेनीचा पौंड १०० पेनीचा झाला, नवी पेनी जेमतेम साडेतीन ग्रॅमची आली. वाक्प्रचाराला मात्र काही फरक पडला नाही.

अवांतर: नाण्याच्या वजनाने तरफ हलवण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळात नाणं टाकल्यावर मोजकं तीर्थ देणारं यंत्र वर्णिलं आहे, त्यात हेच तत्त्व आहे.

आणखी एक. सार्वजनिक शौचालयाच्या दाराला पेनीचं कुलूप असायचं, त्यावरून हे आलं असं कुठे वाचलंत तर सोडून द्या. त्या कुलपावरून आला तो 'स्पेंड अ पेनी', म्हणजे लघवीला जाऊन येणं. या दोघांची अदलाबदल सबटायटलमध्ये झाली तर प्रसंगाचं काय होईल ते सांगायला नको.

लाल_पेन:
व्याकरणाचं मी घेतो, कारण अर्थ कळूनही वाक्य बिघडतं ते इथेच.

कर्ता कायम 'द पेनी'. 'अ पेनी ड्रॉप्ड' म्हटलं तर कुठेतरी खरंच नाणं पडलं असा अर्थ होतो. 'माय पेनी ड्रॉप्ड' चालत नाही. अनेकवचनही नाही, चार जणांना एकदम कळलं तरी पेनी एकच पडते. आणि क्रियापद इथे अकर्मक आहे, म्हणजे पेनी आपसूक पडते, कोणी पाडत नाही. 'आय ड्रॉप्ड द पेनी' म्हणजे माझ्या हातून नाणं खाली पडलं, एवढंच.

मग ज्याला कळलं तो माणूस कुठे गेला? बहुतेक वेळा तो वाक्यात येतच नाही. 'ही स्टेअर्ड अ‍ॅट द रिसीट. देन द पेनी ड्रॉप्ड.' आधीच्या वाक्यातला 'ही' पुरतो. मराठीत 'त्याला कळलं', 'माझ्या लक्षात आलं' असं म्हटल्याशिवाय आपलं भागत नाही, म्हणून इंग्रजी लिहितानाही आपण माणसाला ओढून आणतो आणि 'द पेनी ड्रॉप्ड टु मी' असलं काहीतरी होऊन बसतं. 'टु' नको. माणूस सांगायचाच असेल तर 'फॉर': 'द पेनी फायनली ड्रॉप्ड फॉर हर.' ब्रिटिश बोलण्यात 'विथ'ही ऐकू येतं, पण 'फॉर' धरून चाला.

काय कळलं हे सांगायचं असेल तर? 'द पेनी ड्रॉप्ड दॅट ही वॉज लाइंग' अशी रचना बोलताना आणि वर्तमानपत्रांत भेटते, तिला सरसकट चूक म्हणणार नाही. पण लेखी इंग्रजीत दोन वाक्यं जास्त चांगली: 'द पेनी ड्रॉप्ड. ही हॅड बीन लाइंग ऑल अलाँग.' पूर्णविरामानंतर जी क्षणभर जागा मिळते तिचाही उपयोग होतो. 'द पेनी ड्रॉप्ड अबाउट हिज लाइज' टाळा.

काळ बरेच चालतात. भूतकाळ सर्वांत जास्त. नुकतंच कळलं असेल तर 'द पेनीज ड्रॉप्ड', म्हणजे 'हॅज'चं आखूड रूप. ते षष्ठी समजून 'पेनीचं काहीतरी' असं भाषांतर करू नका. अजून कळलेलं नसेल तर 'द पेनी हॅजन्ट ड्रॉप्ड येट'. चालू काळ क्वचित आणि बहुधा 'स्टार्टिंग'बरोबर: 'द पेनी इज स्टार्टिंग टु ड्रॉप.' साधा वर्तमानकाळ तुमच्या मालिकेतल्यासारखा, डोळ्यांसमोर घडतंय त्यावर शेरा मारताना.

सर्वांत उपयोगी साचे दोन. 'इट टुक अ व्हाइल फॉर द पेनी टु ड्रॉप' हा एक. यात उशीर उघड सांगितला जातो. दुसरा 'आय सॉ द पेनी ड्रॉप', समोरच्याच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं. यात 'सॉ'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं, 'ड्रॉप्ड' किंवा 'टु ड्रॉप' नाही.

क्रियाविशेषणांत 'फायनली' आणि 'इव्हेंच्युअली' नेहमीची. 'सडनली'ही चालतं, कारण उशीर झाला तरी पडते ती एकदमच. 'ग्रॅज्युअली' मात्र खटकतं. हळूहळू कळत गेलं असेल तर दुसरा शब्दप्रयोग घ्या.

नाम हवं असेल तर मध्ये छोटी रेघ देऊन 'अ पेनी-ड्रॉप मोमेंट'. व्यवस्थापनाच्या भाषणांत याचा इतका चुराडा झालाय की शक्यतो वापरू नये, हे माझं वैयक्तिक मत.

अर्धविराम:
'रिअलाइज', 'डॉन', 'क्लिक' यांतला फरक विचारलाय. मी तपासताना एवढंच बघते: माहिती आधीपासून हाताशी होती का, मध्ये वेळ गेला का, आणि कळलं ते एका क्षणात का.

'रिअलाइज'ला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ते सगळीकडे चालतं आणि कुठेच खुलत नाही. 'डॉन ऑन' हळू आहे. 'इट स्लोली डॉन्ड ऑन हिम' अगदी स्वाभाविक, 'द पेनी स्लोली ड्रॉप्ड' नाही. शिवाय 'डॉन'ला गांभीर्य झेपतं. आपण कायमचे एकटे राहणार आहोत हे एखाद्याच्या ध्यानात येतं तेव्हा 'डॉन' योग्य, पेनी तिथे उर्मट वाटेल.

'क्लिक'मध्ये सुटे तुकडे एकमेकांत बसल्याचा भाव असतो. गणिताची पद्धत, पोहण्याचा श्वास, नवीन भाषेतली क्रियापदं, असं शिकण्यातलं काही जमलं की 'इट क्लिक्ड'. तिथे उशिरा कळल्याबद्दल चिडवणं नसतं. शिवाय दोन माणसांचं पटकन जमलं तरी 'दे क्लिक्ड', तेव्हा संदर्भ बघा.

'सिंक इन' कळण्याबद्दल नाहीच. बातमी कळलेली असते, तिचं वजन मनात उतरायला वेळ लागतो. 'आय गॉट द जॉब, बट इट हॅजन्ट संक इन येट' इथे पेनी घातली तर माणूस मठ्ठ ठरेल.

पेनीच्या सर्वांत जवळचे म्हणजे ब्रिटिश बोलीतले 'ट्विग' आणि 'कॉटन ऑन'. यांत माणूस कर्ता होतो: 'ही फायनली ट्विग्ड.' सहज कर्ता बदलायचा असेल तर उपयोगी.

अमेरिकन पात्राच्या तोंडी पेनी नको. तिथल्या बऱ्याच लोकांना अर्थ कळतो, पण ते स्वतः म्हणणार नाहीत. ते 'क्लिक' म्हणतील किंवा 'अ लाइट बल्ब वेंट ऑफ इन हिज हेड'. यातला 'ऑफ' फसवा आहे. दिवा विझला नव्हे, फ्लॅशसारखा लखकन उडाला. नाणं आणि पडणं पाहून अमेरिकन 'ड्रॉप अ डाइम'ला याचा भाऊ समजू नका. तो म्हणजे पोलिसांना गुपचूप खबर देणं, दहा सेंटांच्या सार्वजनिक फोनवरून आलेला. आणि 'वेटिंग फॉर द अदर शू टु ड्रॉप' म्हणजे पुढचं, बहुधा वाईट, कधी घडतंय त्याची धास्ती. त्यात समजण्याचा संबंध नाही.

नाणेसंग्रह:
हीच कल्पना इतर भाषांतही आहे. जर्मनमध्ये 'ग्रोशेन' पडतो, डचमध्ये 'क्वार्टये' म्हणजे पंचवीस सेंटांचं नाणं, डॅनिशमध्ये दहा योरेचं. स्वीडिशमध्ये नाणं नव्हे तर 'पोलेट', म्हणजे टोकन, घरंगळत खाली येतं. हिब्रूत 'असिमोन' पडतो, तो सार्वजनिक फोनमध्ये टाकायचा टोकन. डच गिल्डर २००२ मध्ये व्यवहारातून गेला, असिमोनचे फोनही गेले, तरी तिथली माणसं अजून तेच म्हणतात. यंत्र वेगळं, पण आत टाकलं आणि पडायला वेळ लागला हा धागा सगळीकडे सारखा.

कोशकीटक:
वा, असिमोन झकास. त्यावरून मराठीचा मुद्दा सोपा होतो. आपल्याकडे नाणं नाही पडत, ट्यूब पेटते.

'त्याची ट्यूब पेटली' हे नुसतं जवळचं नाही, उशीर आणि थट्टा दोन्ही त्यात जशीच्या तशी येतात. चोक आणि स्टार्टरवाली जुनी ट्यूब बटण दाबल्यावर लगेच लागत नाही. स्टार्टरमधल्या पट्ट्या तापून जोडल्या जातात, नळीच्या टोकाच्या तारा तापतात, पट्ट्या पुन्हा सुटतात, त्या क्षणी चोक जास्त दाबाचा झटका देतो. पहिल्या झटक्यात नाही जमलं की पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ती दोन-तीनदा लुकलुकते. मंद माणसाला 'ट्यूबलाइट' म्हणतात तेही यावरूनच. एलईडी पट्ट्यांना असला उशीर नसतो, तरी शब्दप्रयोग टिकून आहे. पेनीसारखंच.

सबटायटलला दोन ओळींपलीकडे जागा नाही आणि बहिणीचं वाक्य एका श्वासाचं आहे. 'पेटली एकदाची ट्यूब!' एवढं पुरे.

मुद्रितशोधक:
ट्यूब या प्रसंगाला ठीक, पण ती सगळीकडे लावू नका. ट्यूब फक्त बोलण्यातली आहे. निवेदनात, वैचारिक लेखात किंवा वयस्कर, जपून बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी ती उपरी वाटते. जुन्या काळातल्या कथेत तर नकोच.

तिथे 'संगती लागली' बघा. विखुरलेले इशारे आधी होते आणि आता त्यांचा अर्थ जुळला, हे त्यात नेमकं येतं. गुप्तहेरकथेत पेनी पडते तेव्हा बहुतेकदा हेच हवं असतं. त्याचा बोलीतला भाऊ 'टोटल लागली'. तो नकारात जास्त रंगतो: 'मला टोटलच लागेना.' म्हणून 'द पेनी हॅजन्ट ड्रॉप्ड येट'ला 'त्याला अजून टोटल लागलेली नाही' छान बसतं, जिथे 'त्याची ट्यूब अजून पेटलेली नाही' जरा अपमानास्पद होईल. 'उलगडा झाला'मध्ये कोडं असावं लागतं. 'उमगलं' सुंदर शब्द आहे पण तो आतून येतो, त्यात चिडवणं नाही. 'डॉन'साठी राखून ठेवा.

तुमचा 'प्रकाश पडला' का खटकतो? एक तर तो उशिराबद्दल काही बोलत नाही. दुसरं, त्याला पुस्तकी वास आहे. 'उजेड पडला' त्याहून धोक्याचा, कारण 'काय उजेड पाडला!' म्हणजे काहीच केलं नाही. 'डोळे उघडले' तर अजिबात नको. त्यात भ्रम दूर होतो, माणसाची पारख होते. गरोदर बायकोकडे बघून नवऱ्याचे डोळे उघडले असं लिहिलंत तर प्रेक्षक भलताच अर्थ काढतील. 'साक्षात्कार झाला' उपरोधाने चालेल, पण मग बहीण जास्तच खवचट ठरते.

'डोक्यात शिरलं' हा मधला मार्ग. तेही जरा शिकवल्यासारखं वाटतं, म्हणून त्यात 'एकदाचं' घाला. 'शिरलं एकदाचं डोक्यात!' या 'एकदाचं'मध्येच पेनीचा सगळा उशीर मावतो. इंग्रजीतल्या 'फायनली'ला मी बहुतेक वेळा हाच शब्द वापरतो. 'शेवटी' लिहिलं की वाक्य निबंधातलं होतं.

कोशकीटक:
'एकदाचं' मान्य. पण 'शिरलं' म्हटलं की कोणीतरी समजावून सांगितलं असं होतं ना? इथे कोणी समजावलेलं नाही, फक्त सुचवलंय. माझं मत ट्यूबलाच.

भाषांतर_चालू_आहे:
दोन्ही लिहून दिग्दर्शकाला दाखवतो. शेवटचे दोन प्रश्न. ऑफिसच्या इंग्रजी मेलमध्ये हे वापरावं का? आणि इंटरनेटवर 'पेनी ड्रॉप' शोधलं तर बँक खात्याचंच काहीतरी येतं, त्याचा संबंध आहे का?

लाल_पेन:
बँकेच्या 'पेनी ड्रॉप'चा या अर्थाशी संबंध नाही. खातं चालू आहे का आणि नाव जुळतं का हे बघायला त्यात अगदी किरकोळ रक्कम जमा करतात. शोधताना 'द' आणि 'ड्रॉप्ड' दोन्ही टाका, बराच कचरा गळून जातो.

मेलचं उत्तर कोणाबद्दल लिहिताय त्यावर अवलंबून आहे. स्वतःबद्दल, बरोबरीच्या सहकाऱ्याला: 'सॉरी, द पेनीज जस्ट ड्रॉप्ड. यू मेंट द सेकंड फाइल.' उत्तम, मोकळं वाटतं. समोरच्याबद्दल असेल तर नको. 'आय होप द पेनी हॅज ड्रॉप्ड नाऊ' म्हणजे 'पेटली का तुमची ट्यूब?' असं साहेबाला किंवा ग्राहकाला विचारणं. तिथे 'आय होप दॅट्स क्लिअर नाऊ' लिहा. तेही जरा ताठच आहे, पण अपमान तरी नाही. अहवालात, प्रबंधात आणि अपघात-मृत्यूच्या मजकुरात कुठेच वापरू नका. वाचणारे वेगवेगळ्या देशांतले असतील तर 'आय सी नाऊ' बरं, कारण इंग्रजी शिकलेल्या माणसाला पेनी आणि ड्रॉप हे दोन्ही शब्द माहीत असतात आणि नेमकं म्हणूनच तो शब्दकोश उघडत नाही.

अर्धविराम:
दिग्दर्शकाला दाखवताना वेळही बघा. बहिणीचं वाक्य नवरा थांबल्यावर येतं. सबटायटल त्याच्या थांबण्याआधी पडद्यावर आलं, तर प्रेक्षकाला नवऱ्याच्या आधी कळेल.